२ टीबी हार्ड डिस्कला २४० जीबी एसएसडीचा कॅश कसा लावावा? राइटबॅक ठेवू का?

उबंटूच्या मशीनमधली २ टीबीची हार्ड डिस्क संथ वाटते, हाताशी २४० जीबीची साटा एसएसडी आहे, ती सगळी कॅशला (वारंवार लागणाऱ्या डेटाची प्रत ठेवणाऱ्या वेगवान जागेला) देऊन राइटबॅक चालू करू का, असं तुम्ही विचारलंय. कॅश जरूर लावा, पण सगळी एसएसडी त्यात घालू नका. आणि राइटबॅक (लेखन आधी फक्त एसएसडीवर, हार्ड डिस्कवर नंतर) नको.

आधी सिस्टिमच एसएसडीवर घ्या. रूटला, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य पार्टिशनला, ६० जीबी पुरतात आणि बूट, प्रोग्रॅम उघडणं यातला वेग तिथेच मिळून जातो. मग १२० जीबीचं पार्टिशन कॅशला द्या, उरलेली जागा रिकामीच सोडा. कॅशवर लेखन सतत चालू असतं, ड्राइव्हच्या आतल्या साफसफाईला ती जागा लागते. स्वस्तातली क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट साठवणारी) एसएसडी या कामाला घेऊ नये. तिचा आतला वेगवान भाग भरला की लेखन हार्ड डिस्कपेक्षाही हळू होऊ शकतं.

कॅश उपयोगी पडतो तो विखुरलेल्या, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या वाचनाला. ७२०० आरपीएमची डिस्क अशी वाचनं सेकंदाला जेमतेम शंभरेक करते, साटा एसएसडी हजारोंनी. डेटाबेस, कोडचे फोल्डर, फोटोंची लायब्ररी यांत फरक जाणवेल. सिनेमे साठवायचे असतील तर खटाटोप करू नका. सलग वाचन हार्ड डिस्कला मुळातच जमतं.

आता एलव्हीएमने, म्हणजे डिस्कची जागा एकत्र करून तिचे व्हॉल्यूम (भाग) पाडणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेने, कसं करायचं ते. डेटा आधीपासून एलव्हीएमवर असेल तर फॉरमॅट लागत नाही. साध्या पार्टिशनवर असेल तर बॅकअप घेऊन ते एलव्हीएममध्ये नव्याने बांधावं लागेल. (बीकॅश या लिनक्सच्या दुसऱ्या कॅश पद्धतीलाही डिस्क त्याच्या पद्धतीने तयार करून घ्यावी लागते, त्यामुळे तिकडे पळूनही सुटका नाही.)

सगळ्यात आधी थिन-प्रोव्हिजनिंग-टूल्स हे पॅकेज टाका. ते नसेल तर कॅशची तपासणी करणारा प्रोग्रॅम सापडत नाही आणि रीस्टार्टनंतर व्हॉल्यूम उघडतच नाही. मग पीव्हीक्रिएट कमांडने एसएसडीचं पार्टिशन एलव्हीएमसाठी तयार करा आणि व्हीजीएक्स्टेंडने ते हार्ड डिस्कच्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या सामाईक जागेत) घाला; दोन्ही एकाच ग्रुपात असल्याशिवाय जोडता येत नाहीत. एलव्हीक्रिएटने ११९ जीबीचा व्हॉल्यूम काढा. पूर्ण १२० मागितलेत तर जागा कमी पडते, कारण थोडी जागा एलव्हीएम स्वतःच्या नोंदींना घेतं. या कमांडच्या शेवटी एसएसडीच्या पार्टिशनचं नाव द्यायला विसरू नका. नाव दिलं नाही तर हा व्हॉल्यूम हार्ड डिस्कवरच्या मोकळ्या जागेत बनू शकतो, म्हणजे हार्ड डिस्कला हार्ड डिस्कचाच कॅश! शेवटी एलव्हीकन्व्हर्टला प्रकार कॅश आणि कॅशव्हॉल म्हणून हा नवा व्हॉल्यूम द्या. कॅश डेटा ज्या ठोकळ्यांत ठेवतो त्यांचा आकार एलव्हीएम स्वतः ठरवतं, इथे साधारण १२८ केबी. उबंटू २०.०४ पासून हे असंच चालतं.

मोड आपोआप राइटथ्रू राहतो, तोच ठेवा. त्यात प्रत्येक लेखन हार्ड डिस्कवर पोहोचल्यावरच पूर्ण धरलं जातं. राइटबॅकमध्ये ताजा डेटा काही काळ फक्त एसएसडीवर असतो. ती मेली तर तो गेलाच, वर फाइल सिस्टिमही अर्धवट राहते. दोन एसएसडी मिरर करून (दोन्हींवर तोच डेटा ठेवून) लावल्या असतील आणि यूपीएस असेल तरच त्याचा विचार करावा.

लगेच मोजमाप करायला बसू नका. ठोकळा वारंवार मागितला गेला तरच एसएसडीवर चढतो, त्यामुळे एखादी मोठी फाइल एकदा कॉपी करून फरक दिसणार नाही. आठवडाभर नेहमीचं काम करा आणि मग एलव्हीएस कमांडमध्ये कॅश रीड हिट्स व मिसेस (कॅशमध्ये सापडलेली व न सापडलेली वाचनं) हे रकाने मागवून बघा. तेव्हाही मिसेसच जास्त असतील तर तुमचं काम कॅशजोगं नाही. त्यापेक्षा रॅम वाढवा, मोकळ्या रॅममध्ये लिनक्स फाइल्स तसाही कॅश करतं.

एसएसडी काढायची असेल तर आधी एलव्हीकन्व्हर्टचा अनकॅश पर्याय चालवा, तो संपू द्या, मग व्हीजीरिड्यूस, आणि त्यानंतरच केबल काढा.