कालपर्यंत डबा एकत्र, आज मी लाईन लीडर

प्रश्न : काका नमस्कार, मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आयटीआय करून लागलो, सात वर्षं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) चालवली आणि चार महिन्यांपूर्वी मला लाईन लीडर केलं. हाताखाली अकरा जण, त्यातले सहा माझ्याबरोबरचेच. पहिला आठवडा सगळे पेढे मागत होते, आता काम सांगितलं की "हो साहेब" म्हणतात, आणि ते साहेब कसल्या सुरात म्हणतात ते तुम्हाला कळेलच. एक अण्णा आहेत, पन्नाशीचे, मला ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या मापाची बारीक दुरुस्ती) द्यायला त्यांनीच शिकवलं, त्यांना काही सांगायला गेलो की नुसते बघत राहतात. मग मीच मशीनवर उभा राहतो, सेकंड शिफ्ट अकराला सुटते पण मी घरी पोचतो दीडला. मॅनेजर म्हणतात कडक हो. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे पीस, वाढलंय ते वेगळंच. जुनं मशीन परत मागू का?

उत्तर : मागू नकोस, निदान आत्ता तरी नको.

तू मशीनवर उभा राहतोस ना, तिथेच घोळ आहे. मीही हेच केलंय. सुपरवायझर झालो त्या पहिल्याच वर्षी एका जुन्या ऑपरेटरचा पीस सारखा आउट, म्हणजे मापाबाहेर, येत होता, मी त्याला बाजूला सारलं, बाह्या वर केल्या आणि सगळ्यांसमोर दहा मिनिटांत सेटिंग करून दाखवलं. काय रुबाब वाटला म्हणून सांगू! तो माणूस हाताची घडी घालून शांत उभा. पुढचे तीन आठवडे इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलायचा असला तरी मला हाक, माप तपासायचं गेज सापडत नाही तरी मला हाक, "साहेब तुम्हीच बघा, आम्हाला कुठे येतं". मी दमून गेलो आणि वर मलाच वाटायचं की ही माणसंच कामचुकार आहेत. माझ्या डोक्यात हा प्रकाश फार उशिरा पडला, तुझ्या आत्ताच पडू दे.

आता अण्णा. क्रिकेट बघतोस का? १९७१ ला अजित वाडेकर पहिल्यांदा कॅप्टन झाले ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या कास्टिंग व्होटवर (निर्णायक मतावर), तेही आधीचे कॅप्टन पतौडी यांच्या जागी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली खेळले त्यांचीच खुर्ची. वेस्ट इंडिजला गेले तेव्हा टीममध्ये जयसिंहा, दुराणी असे वाडेकरांना सीनियर लोक होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या टेस्टला दुसऱ्या डावात त्यांनी दुराणींच्या हातात बॉल दिला, दुराणींनी वेस्ट इंडिजच्या सोबर्सला शून्यावर बोल्ड केलं आणि लॉईडलाही काढलं, लॉईडचा कॅच खुद्द वाडेकरांनी घेतला. भारत सात विकेटनी जिंकला, वेस्ट इंडिजविरुद्धची आपली पहिलीच टेस्ट विन, आणि सिरीजही १-० ने आपलीच. सीनियर माणसाला बॉल दिला आणि स्वतः कॅचला उभे राहिले, एवढंच तुला करायचंय. (पुढे १९७३ ला पतौडी परत आले आणि इंग्लंडविरुद्ध वाडेकरांच्याच कॅप्टन्सीत खेळले, हे आमच्या पिढीला फार भारी वाटायचं.)

म्हणजे काय, तर अण्णांना कॅन्टीनमध्ये नाही, चहाच्या टपरीवर गाठ आणि सरळ बोल, की अण्णा तुम्ही मला शिकवलंत, आता मी तुम्हाला काम सांगायचं म्हणजे मलाच कसंतरी होतं, तुम्हाला काय वाटतं? मग गप्प बस. ते दोन मिनिटं काही बोलणार नाहीत, तू मध्ये तोंड घालू नकोस. बोलले की एक काम पूर्ण त्यांच्यावर सोड, उदाहरणार्थ दोन नवीन पोरांना ऑफसेट शिकवणं. पूर्ण सोडायचं म्हणजे तू मागून जाऊन चेक करायचं नाही.

रिजेक्शनसाठी माणसांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पीसशी घाल. एक आठवडा आउट गेलेले पीस बिनमध्ये फेकू देऊ नकोस, ज्या तासाला जे निघाले ते तसे टेबलावर ओळीने लाव आणि खाली खडूने वेळ लिही. बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, हळूहळू लहान होत गेलेला दिसला तर इन्सर्ट झिजतोय आणि ऑफसेट वेळेवर दिला जात नाही, मधेच एखादाच पीस वेडावाकडा असेल तर पीस धरणाऱ्या जॉमध्ये धातूची चिप अडकली असेल किंवा पीस नीट बसवला नसेल, आणि शिफ्ट बदलल्या बदल्या सगळे खराब असतील तर हँडओव्हरला आधीच्याने काय ऑफसेट दिला ते कोणी लिहीतच नाहीये. टेबलासमोर सगळ्यांना उभं करून फक्त "काय दिसतंय?" एवढं विचार. तुला उत्तर माहीत असलं तरी जीभ चाव.

कडक व्हायचंच असेल तर एका ठिकाणी हो, ओटीच्या (ओव्हरटाइमच्या) यादीत. तिथे मित्राला झुकतं माप दिलंस की संपलास. यादी पाळीपाळीने लाव, भिंतीवर चिकटव. डबा मात्र त्यांच्यातच बसून खा, फक्त डबा खाताना कोणाला रजा कबूल करू नकोस.

तीन महिने हे करून बघ आणि तरीही मशीनच हवंसं वाटलं तर खुशाल माग, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : काका, मी हिंजवडीला आयटीत आहे, टीम लीड हो म्हणतायत पण मला कोडिंगच आवडतं. नाही म्हटलं तर करिअर अडकेल का?

उत्तर : अगं, बऱ्याच आयटी कंपन्यांत मॅनेजरची शिडी वेगळी आणि टेक्निकल शिडी वेगळी असते, सॉफ्टवेअर आर्किटेक्टपर्यंत माणसं न सांभाळता जाता येतं. तुमच्याकडे तशी आहे का ते एचआरला ईमेलवर विचार, तोंडी नको, तोंडी सगळंच "आहे ना" असतं. नुसती कागदावर आहे की खरंच कोणी त्या शिडीने वर गेलंय, तेही विचार. आणि नकार द्यायच्या आधी सध्याच्या टीम लीडला म्हण, गेल्या आठवड्याचं कॅलेंडर दाखवा, आणि त्यात मीटिंगचे तास किती आणि कोडचे किती ते स्वतः मोज.