बेळगावात घराच्या परड्यातून 70 मिमीच्या दुर्बिणीने गुरूचे चंद्र दिसतात का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडगावात घर आहे, मुलीसाठी 70 मिमी भिंगाची दुर्बीण आणली, गुरूवर लावली तर पांढरा झगझगीत गोळा आणि बाजूला तीन ठिपके दिसले. ते चंद्र की मागचे तारे, गुरूवरचे पट्टे का दिसत नाहीत, आणि मोठी दुर्बीण घ्यावी का?

ते चंद्रच. ठिपके गुरूच्या मध्यातून जाणाऱ्या जवळपास एका रेषेत असतील तर शंकेला जागा नाही. पण माझ्या सांगण्यावर थांबू नका. मुलीच्या हातात वही द्या. एक गोल काढायचा, ठिपके दिसतील तिथे मांडायचे, शेजारी तारीख आणि वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा, मांडणी बदललेली असेल. गॅलिलिओने 7 जानेवारी 1610 रोजी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यालाही तीनच दिसले होते आणि तोही आधी त्यांना तारेच समजला होता. चौथा त्याला 13 तारखेला सापडला. तुमचा चौथा त्या वेळी गुरूच्या पुढ्यात, पाठीमागे किंवा सावलीत असणार, नाहीतर दोन चंद्र चिकटून एकच दिसले असतील.

आठ-पंधरा दिवस वही चालवली की कोण कोणता ते आपोआप कळायला लागतं. आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो आणि गुरूच्या मध्यापासून गुरूच्याच तीन व्यासांपलीकडे कधी जात नाही. युरोपाला साडेतीन दिवस लागतात, गॅनिमीडला सात, कॅलिस्टोला जवळपास सतरा. म्हणजे गॅनिमीडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. हा हिशेब कोणी न सांगता मुलीच्या वहीतून बाहेर आला तर त्याची गोडी वेगळीच. लांब, एकटा पडलेला ठिपका दिसला तर बहुतेक कॅलिस्टो. चौघांत सगळ्यात उजळ तो गॅनिमीड, तो बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे. एक ध्यानात ठेवा, तुमच्या दुर्बिणीत आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) आधी तिरका आरसा असणार, त्यामुळे चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. दुर्बीण न हलवता गुरू ज्या बाजूने सरकत दृश्याबाहेर जातो ती पश्चिम. वहीत ती खूण रोज करा.

आता पट्टे. दुर्बिणीची नाभीय लांबी, म्हणजे भिंगापासून चित्र जिथे पडतं तिथपर्यंतचं अंतर, 700 मिमी धरली तर 25 मिमीच्या आयपीसने 28 पट आणि 10 मिमीच्याने 70 पट दिसतं. पट्ट्यांसाठी 70 पट पाहिजे. खोक्यात 4 मिमीचा आयपीस आणि तीन पट बार्लो (पटी वाढवणारं जोडभिंग) आला असेल तर तो जोडून लावू नका. हिशेबाने सव्वापाचशे पट होतात, पण 70 मिमीच्या भिंगाला साधारण 140 पटींपुढे नवं काही दाखवता येत नाही, नुसता धूसर गोळा मिळतो. चांगल्या दिवसांत 70 पटीला गुरू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा मोठा दिसतो. हे कोणाला पटत नाही. आमच्या शेजारच्या अक्कांनी आयपीसला डोळा लावून म्हटलं, “ह्योच काय गुरू? लई बारीक दिसायलाय की!” मी त्यांना तिथून हलूच दिलं नाही. पाचेक मिनिटांनी त्यांना मधल्या दोन करड्या रेघा दिसल्या, आणि गोळा वर-खाली जरा चपटा आहे हेही त्यांनीच सांगितलं. तो चपटेपणा खरा आहे. एवढा मोठा ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याचं पोट फुगलंय.

पट्टे न दिसण्याचं दुसरं कारण गरम हवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बराच वेळ ऊब सोडत असतो, त्यामुळे गच्चीपेक्षा परड्यातली माती बरी. शेजाऱ्यांच्या कौलांवरून किंवा धुरावरून बघू नका. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा. वडगावच्या दिव्यांची काळजी नको. गुरू इतका तेजस्वी आहे की त्याच्यासाठी खानापूर-जांबोटीच्या अंधारात जायची गरज नाही, फक्त खांबावरचा दिवा थेट डोळ्यात येऊ देऊ नका.

एका बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेळगावचा अक्षांश सोळा अंशांच्या जरा खाली आहे. फेब्रुवारी 2027 मध्ये गुरू प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, असेल तेव्हा तो मध्यरात्रीच्या सुमाराला जवळजवळ आपल्या डोक्यावर येईल, म्हणजे मधे हवेचा थर सगळ्यात पातळ. मिरगापासून गणपतीपर्यंत आपल्याकडे आभाळ मिळत नाही, पण या वर्षांत गुरूचा हंगाम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत पडतोय. पुढे तो दरवर्षी साधारण एक रास सरकेल. 2016 साली नरसोबावाडीला कन्यागताचा पर्वकाळ झाला तो गुरू कन्या राशीत आल्यामुळेच. बारा वर्षांची फेरी ती हीच.

वही जमली की आयोचं ग्रहण गाठा. प्रतियुतीनंतरच्या आठवड्यांत आयो गुरूच्या पाठीमागून थेट बाहेर पडताना दिसत नाही, कारण तो अजून सावलीत असतो. मग गुरूच्या पूर्वेला, कडेपासून थोड्या अंतरावर, रिकाम्या काळ्या जागेत एक कण उगवतो आणि तीन-चार मिनिटांत पूर्ण तेजाचा होतो. स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये वेळ मिळते; कुठे जागतिक वेळ दिली असेल तर साडेपाच तास मिळवा. याच ग्रहणांच्या वेळा मागे-पुढे होतात हे धरून रोमर या खगोलशास्त्रज्ञाने 1676 साली पॅरिसमध्ये दाखवून दिलं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. ते दृश्य 70 मिमीतून दिसतं, म्हणून मी दुर्बीण बदलायची घाई करू नका म्हणतो.

हा हंगाम काढून मग घ्यायचीच असेल तर 6 इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर ठेवलेली आरशाची दुर्बीण) घ्या. तिच्यातून आयोची सावली गुरूवरून काळा टिपका बनून सरकताना स्पष्ट दिसते. तोवर पैसे खर्च करायचेच तर एक बरा 10 मिमीचा आयपीस आणि न डगमगणारा ट्रायपॉड बघा. गुरू डोक्यावर असताना साध्या ट्रायपॉडवर नळी तितकी वर करणं अवघड जातं, तेव्हा तो तास-दीड तास आधी किंवा नंतर बघा.