तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी केलं तर संशोधन करायला मिळतं का?

तुम्ही विचारलंय की बारावीला मार्क चांगले आहेत, पण पुण्या-मुंबईचा खर्च झेपणार नाही. मग घराजवळच्या छोट्या कॉलेजात गेलं तर संशोधन आणि कॅम्पस लाइफ दोन्हीला मुकावं लागेल का.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका कॉलेजातून बॉटनी केलं. टी.वाय.ला आम्ही अकरा जण. कॅम्पस म्हणाल तर दोन इमारती, एक वड, आणि दुपारी दोनला वडे संपणारं कॅन्टीन. सव्वापाचची एसटी चुकली की पुढची साडेसातला. गॅदरिंगला फिशपॉन्ड पडायचे, एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात बंधारा घातला, भांडणं झाली, दोन लग्नंही जमली. एवढं पुरतं का? मला पुरलं.

संशोधनाचं जरा सविस्तर सांगते. कॉलेजमागेच जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा कातळमाळ होता. उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा, पण पावसाळ्यात त्यावर गुडघाभर पाण्याची डबकी साचतात आणि गेंद, सीतेची आसवं फुलतात. सीतेची आसवं ही किडे खाणारी वनस्पती. सड्यावरच्या मातीत नत्र फार कमी, ते ती बारीक जीव पकडून मिळवते. तिच्या मुळासारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्या मी पहिल्यांदा आमच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. एका पिशवीत काहीतरी अडकून अजून हलत होतं. त्या दिवशी एसटी चुकली.

आमचा प्रोजेक्ट होता डबक्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचा. मीटर नव्हता, म्हणून विंकलर पद्धत. बाटलीत पाणी भरायचं, जागेवरच मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं, तपकिरी साका बसतो. लॅबमध्ये आल्यावर आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन, स्टार्चचा निळा रंग उडाला की रीडिंग. सगळं सामान एफ.वाय.च्या प्रॅक्टिकलचंच. तपकिरी पाण्याच्या बाटल्या एसटीतून नेताना कंडक्टरने एकदा विचारलं होतं, "काय गो, काढा काय?"

सकाळी सहाचं रीडिंग आणि दुपारी दोनचं रीडिंग यांत इतका फरक आला की आम्हाला वाटलं, आपलंच चुकलं. मॅडमनी वही बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "परत जा." परत गेलो. पहिल्या खेपेला खरंच एका बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला होता, ते रीडिंग फेकलं. पण फरक तसाच राहिला. रात्रभर सगळे जीव श्वास घेऊन ऑक्सिजन संपवतात, दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणाने तो भरून काढतात, आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतल्यामुळे पीएचही चढतो. पुस्तकात हे असतंच. पण भर सप्टेंबरच्या उन्हात एका डबक्याला चोवीस तासांत ते करताना आपण पकडलं, ही वेगळी गोष्ट आहे.

मोठ्या कॉलेजात शंभर मुलांच्या बॅचला लॅबची किल्ली कोण देतं? आमच्याकडे अटेंडंट मामा रविवारीही उघडून द्यायचे, फक्त "बर्नर बंद कर हां" एवढी अट.

उणिवा आहेतच. जे यंत्र लागतं ते कॉलेजात नसतं. त्यासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात किंवा आयआयटी मुंबईत 'सैफ' नावाची मोठ्या यंत्रांची केंद्रं आहेत, फी भरून नमुने तपासून मिळतात. ओळख न पटलेली झाडं आम्ही पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात नेऊन ताडून पाहिली. लायब्ररीत जर्नल म्हणजे आपली प्रॅक्टिकलची वही, दुसरं नाही. शिवाय दोन हजार भरून कुठल्या तरी मासिकात 'पेपर' छापून घ्या, असा आग्रह आमच्याकडेही झाला होता. छापू नका. पुढे मुलाखतीत असला पेपर नडतोच.

'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत जरूर उतरा. राजभवनाच्या पुढाकाराने २००६ पासून ती सुरू आहे. आम्ही विद्यापीठाच्या पहिल्याच फेरीत गारद झालो, पण परीक्षकाने विचारलेल्या "ढगाळ दिवशी मोजलं का?" या प्रश्नावर पुढचा महिना गेला. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही आहे, दोन महिने एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत. तिला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि अकरा जणांच्या वर्गात मॅडमना तुमच्याबद्दल लिहायला खरंच काहीतरी असतं. माझ्या पत्रात त्या बुडबुड्याचाही उल्लेख होता म्हणे.

प्रवेश घेण्याआधी एक करा. कुठल्याही कामाच्या दिवशी दुपारी तीनला त्या कॉलेजात जाऊन विभागात डोकवा. लॅबला कुलूप असेल आणि मायक्रोस्कोप कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले असतील, तर दुसरं कॉलेज बघा.