‘ब्लॅक नाइटशेड’ला मराठीत काय म्हणावे?

नागपूरच्या एका वाचक भगिनींनी पुढील शंका विचारली आहे. परसबागेची आवड असलेल्या त्यांच्या मंडळाने रोपांना मराठी पाट्या लावायचे ठरवले असून ‘ब्लॅक नाइटशेड’च्या पाटीवर कोणते नाव लिहावे यावर मंडळात एकमत होत नाही. संगणकाने केलेल्या भाषांतरात ‘काळी रात्रसावली’ असे आले, घरातील वडीलधारी मंडळी ‘मकोय’ म्हणतात, माळीबुवा ‘रिंगणी’ म्हणतात आणि काष्ठौषधींच्या दुकानात ‘काकमाची’ असे सांगण्यात आले. मूळ इंग्रजी मजकुराच्या ‘ग्रोइंग अँड केअर’ या मथळ्यासाठी ‘वाढवणे आणि काळजी’ हे शब्दही त्यांना खटकतात.

माझ्या मते पाटीवर ठळक अक्षरांत ‘कामोणी’ लिहावे आणि त्याखाली ‘मकोय, काकमाची’ ही नावे द्यावीत. ‘रिंगणी’ मात्र लिहू नये, कारण ती वेगळी वनस्पती आहे. ‘रात्रसावली’बद्दल फार बोलण्याचे कारण नाही, समासातील दोन तुकडे सुटे करून त्यांचा अर्थ लावणे म्हणजे भुईमुगाला मूग समजून त्याचे वरण शिजायला टाकण्यासारखे आहे.

मुळात इंग्रजीतील ‘नाइटशेड’ हे एका झाडाचे नाव नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. त्या शब्दाला जे विशेषण लागते त्याप्रमाणे वनस्पती बदलते, आणि कधी कधी तर कुळही बदलते. ‘ब्लॅक नाइटशेड’ म्हणजे सोलॅनम नायग्रम, म्हणजेच वांग्याच्या कुळातील आपली कामोणी. ‘डेडली नाइटशेड’ म्हणजे ॲट्रोपा बेलाडोना; ती युरोप आणि पश्चिम आशियाच्या थंड भागांतील वनस्पती असून नागपूरच्या उन्हाळ्यात ती आपोआप उगवलेली आढळणार नाही. तिला मराठीत घरचे नाव नाही, त्यामुळे ‘बेलाडोना’ असेच लिहावे. होमिओपॅथीच्या औषधांमुळे तो शब्द आपल्याकडे पुरेसा रुळलेला आहे. ‘मलबार नाइटशेड’ असे वाचून मात्र दचकू नये. ती मायाळू आहे, जिला नागपूरकडे ‘पोई’ म्हणतात आणि जिच्या पानांची भजी पावसाळ्यात घरोघरी तळली जातात. पोईचा वांग्याच्या कुळाशी काहीही संबंध नाही. शब्दकोशात फक्त ‘नाइटशेड’ शोधून समोर येईल ते नाव उचलणाऱ्या भाषांतरकाराच्या हातून भजीच्या पानांना विषारी ठरवले जाण्याची किंवा, त्याहून वाईट म्हणजे, विषारी फळाला खाण्याजोगे ठरवले जाण्याची शक्यता खरोखरच असते. म्हणून अशा मजकुरात लॅटिन नाव शोधावे आणि मग मराठी नावाकडे वळावे.

आता मराठी नावांकडे पाहू. ‘काकमाची’ हे संस्कृत नाव आयुर्वेदाच्या ग्रंथांतून आलेले आहे. याच वनस्पतीची ‘वायसी’ आणि ‘ध्वांक्षमाची’ ही आणखी दोन संस्कृत नावे आहेत, आणि वायस व ध्वांक्ष या दोन्ही शब्दांचा अर्थ कावळाच आहे. पिकलेली फळे पक्षी आवडीने खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी लांबवर पसरते, हे पाहिले म्हणजे या नावांमागचे निरीक्षण पटते. (युनानी वैद्यकात याच फळाला ‘इनब-उस-सालब’, म्हणजे कोल्ह्याची द्राक्षे, म्हणतात. माणसाने फळाला आपले नाव देण्याचे दोन्हीकडे टाळले, याची नोंद घ्यावीशी वाटते.) ‘काकमाची’ हा शब्द वैद्यांना आणि औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांना परिचित असला, तरी धुऱ्यावर गवत कापणाऱ्या बाईला तो सांगून उपयोग नाही, ती ‘कामोणी’ किंवा ‘मकोय’ म्हणेल.

‘मकोय’ हा हिंदीतून आलेला शब्द आहे, आणि म्हणून तो मराठी पाटीवर नको असे मंडळातील काहींचे म्हणणे दिसते. हे मला पटत नाही. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाड आणि पुढे मध्य प्रदेश यांची राजधानी होते. इथल्या बाजारात, शेतात आणि स्वयंपाकघरात हिंदी शब्द कितीतरी पिढ्यांपासून मराठी प्रत्यय घेऊन नांदत आहेत. मकोयीची भाजी, मकोयीचा पाला असे रूप चालवणाऱ्या माणसाला तो शब्द परका नाही. पाटी वाचणाऱ्याला झाड ओळखता येणे महत्त्वाचे असेल तर ‘मकोय’ असायलाच हवे. फक्त नागपूरबाहेरच्या मराठी वाचकाला ते कळेलच असे नाही, म्हणून पहिले स्थान ‘कामोणी’ला.

‘कांगोणी’ हेही नाव याच वनस्पतीला काही ठिकाणी लावतात, परंतु ते पाटीवर टाळावे असे मी सुचवीन. एक तर ‘मालकांगोणी’ ही अगदी निराळी वेल आहे, जिच्या बियांचे तेल औषधात वापरतात; दुसरे म्हणजे ‘कांग’ हे राळ्याचेही नाव आहे. तीन वनस्पतींमध्ये वाटला गेलेला शब्द विषारी फळाच्या झाडावर लावणे शहाणपणाचे नाही.

राहिली ‘रिंगणी’. माळीबुवांनी दिलेले हे नाव चुकीचे असले तरी निराधार नाही, कारण कुळ एकच आहे. भुईरिंगणी किंवा काटेरिंगणी म्हणजे संस्कृतमधील कंटकारी. ती जमिनीलगत पसरते, तिच्या पानांच्या शिरांवरसुद्धा पिवळे, सुईसारखे काटे असतात, फुले जांभळी आणि फळे आधी हिरवी-पांढरी पट्टेदार व पिकल्यावर पिवळी होतात. हिची उंच वाढणारी बहीण म्हणजे डोरली, संस्कृतमधील बृहती. या दोघींची मुळे दशमुळात येतात. गुजरातीत वांग्यालाच ‘रींगण’ म्हणतात आणि कंटकारीला ‘भोंयरींगणी’, हे पाहिले की जमिनीवर पसरणारे रानचे छोटे वांगे ही कल्पना या नावात आहे, असे म्हणायला जागा आहे. कामोणीला काटे नसतात. तेवढ्या एका खुणेवर ‘रिंगणी’ हे नाव बाद होते.

तरीही खूण पटवण्यासाठी झाड जवळून पाहणे बरे. कामोणीचे रोप गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच, फांद्या हिरव्या व मऊ, पाने मिरचीच्या पानांपेक्षा रुंद आणि कडेला थोडी नागमोडी असतात. फुले पांढरी, नखाएवढी असतात. पाच पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधोमध पिवळ्या परागकोषांची टोकदार जुडी. त्यानंतर एकाच देठातून चार-पाच लहान देठ फुटून त्यांना वाटाण्याहून लहान फळे लोंबतात; ती आधी हिरवी आणि पिकल्यावर जांभळट काळी होतात, काही जातींत नारिंगी-लाल. फळ बोटांत चिरडले तर जांभळा रस आणि टोमॅटोच्या बियांसारख्या, पण फारच बारीक, चपट्या बिया निघतात. बेलाडोनाचे फूल याउलट तपकिरी-जांभळ्या घंटेसारखे, आणि फळ एकेकटे, चेरीएवढे, पाच पसरट पाकळ्यांसारख्या हिरव्या संदलांवर (फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांवर) बसलेले असते. फळाभोवती कागदासारखी फुगीर पिशवी दिसली तर ती चिरबोटी समजावी. इतके पाहूनही शंका राहिली, तर महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात फुला-फळांसह एक फांदी दाखवून घ्यावी. अशा वेळी शब्दकोशापेक्षा वनस्पतिशास्त्राचा शिक्षक अधिक विश्वासार्ह ठरतो.

मथळ्याविषयीची आपली तक्रार मला रास्त वाटते. ‘काळजी’ हा शब्द मराठीत आधी चिंतेचा आहे; मुलाची काळजी वाटते, आजाऱ्याची काळजी घेतात. झाडाच्या बाबतीत तो आता रूढ झाला असला तरी आपल्याकडे त्यासाठी ‘निगा’ हा नेमका शब्द आहे: निगा राखणे, निगराणी, निगुतीने वाढवणे. ‘वाढवणे’ऐवजी ‘लागवड’ घ्यावे. ‘कामोणी: लागवड आणि निगा’ असा मथळा कानाला सरळ वाटतो. एकाच रोपाला ‘लागवड’ म्हणणे जड वाटल्यास ‘कामोणी लावावी कशी, राखावी कशी’ असेही चालेल. ‘वन्य’ आणि ‘जंगली’ यांपैकी काय, असेही आपण शेवटी विचारले आहे. मराठीत आपोआप उगवणाऱ्या खाद्य वनस्पतीला ‘रान’ हे पद लागते, जसे रानभाजी, रानमेवा. ‘जंगली’त थोडी रानटीपणाची छटा येते आणि ‘वन्य’ सरकारी कागदावरचे वाटते. कामोणीला मात्र यांतले काहीच लावायची गरज नाही, कारण तिच्या नावात पाळीव आणि रानटी असा भेद नाहीच.

या निगेचे शब्द लिहितानाही थोडे जपावे. पिकलेली फळे पाण्यात चोळून बी धुऊन सावलीत वाळवावे. ते इतके बारीक असते की खोल पेरले तर वर येत नाही. कुंडीतील मातीवर शिंपडून वर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर द्यावा. उबदार हवेत एक-दोन आठवड्यांत रोपे दिसतात आणि चार-सहा पानांवर आल्यावर ती हलवता येतात. पूर्व विदर्भात ‘रोवणी’ म्हटले की धानाची पऱ्हेच डोळ्यांपुढे येतात, म्हणून पाटीवर ‘रोपे लावावीत’ असे साधे लिहावे. नागपूरची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि त्यात कामोणीची मुळे कुजतात. म्हणून कुंडीत वाळू आणि शेणखत मिसळावे आणि तळाचे भोक मोकळे ठेवावे. दोन रोपांत हात-दीड हात अंतर पुरते. इथे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात केलेली लागवड सर्वांत सुखाची. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की दुपारची सावली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी दिल्याशिवाय फुले गळतात.

‘निंदण’ या आपल्या शब्दाची इथे थोडी गंमत होते. कपाशीच्या किंवा मिरचीच्या वावरात निंदण करताना जी रोपे उपटून धुऱ्यावर फेकतात, त्यांत कामोणी असते. मंडळाच्या वाफ्यात मात्र तिच्याभोवतीचे बाकीचे तण निंदायचे आहे. शेतकरी तिला तण का मानतो, यामागे जागा अडवण्यापलीकडचे कारण आहे. ती टोमॅटो (वऱ्हाडीत ‘भेदरं’), वांगी, बटाटा आणि मिरची यांची सोयरी असल्याने त्यांच्यावरील पांढरी माशी, मावा आणि पाने जाळीदार करणारे ठिपक्यांचे भुंगेरे तिच्यावरही बसतात. पांढऱ्या माशीमार्फत पाने मुरडणारे विषाणूही फिरतात. भाजीच्या वाफ्यापासून तिची कुंडी लांब ठेवावी आणि ज्या कुंडीत आधी टोमॅटो किंवा वांगे होते ती माती तिला देऊ नये.

पाटीवर ‘विषारी’ हा शब्द लिहावा की नाही, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो टाळता येणार नाही. कच्च्या हिरव्या फळांत सोलानिन नावाचे द्रव्य असते आणि ते खाल्ल्यास उलट्या, पोटदुखी, भोवळ असा त्रास होतो. लहान मुलांना तो अधिक गंभीर होऊ शकतो, आणि उकळल्याने ते द्रव्य नाहीसे होत नाही. पूर्ण पिकलेली फळे आणि उकडून पाणी काढून टाकलेला कोवळा पाला अनेक प्रांतांत खातात. तामिळनाडूत ‘मणत्तक्काळी’ या नावाने हाच पाला व वाळवलेली फळे बाजारात मिळतात. नुसते ‘विषारी’ लिहिल्यास खाणाऱ्यांना ते खोटे वाटेल आणि नुसते ‘औषधी’ लिहिल्यास एखादे मूल हिरवे फळ तोंडात टाकेल. म्हणून विशेषण झाडाला न लावता फळाच्या अवस्थेला लावावे. आयुर्वेदात काकमाची आणि मध हे विरुद्ध मानले आहेत, तेही औषधाच्या हौसेने रस काढणाऱ्यांना सांगून ठेवावे.

या सगळ्यातून पाटीचा मजकूर असा करता येईल: ‘कामोणी (मकोय, काकमाची). सोलॅनम नायग्रम. वांग्याच्या कुळातील. हिरवी फळे विषारी आहेत, तोडू नयेत. टोमॅटो-वांग्यांच्या वाफ्यापासून दूर ठेवावी.’ पाटी मोठी असेल तर ‘काटे नसतात; काटे असल्यास ती भुईरिंगणी किंवा डोरली समजावी’ हे वाक्य माळीबुवांसाठी जोडावे.