गावाकडच्या कलावर्गातल्या मुलांसाठी सुट्टीत मेळावा ठेवतोय. चित्रकलेची स्पर्धा कशी घ्यावी आणि बक्षिसं काय द्यावीत?

स्पर्धा घेऊच नका, आणि बक्षिसंही नकोत. असं का म्हणतेय ते मात्र सविस्तर सांगते, कारण याच एका मुद्द्यावरून मी एका संस्थेचं काम सोडलं आहे.

आमच्या वर्गाला मुलं लांबून चालत यायची, बऱ्याच जणींच्या कडेवर धाकटं भावंड. त्यात एक मुलगा होता, तो फक्त शेळ्या काढायचा. घरी शेळ्या होत्या, दिवसभर त्यांच्यामागेच असायचा. एकदा त्याने गाभण शेळी काढली. चारही पाय एका ओळीत, आणि पोटात करडू. करडाचे डोळे उघडे, खुरांना बारीक चीरसुद्धा दाखवलेली. रंग भरताना त्याने करडाभोवतीची जागा तेवढी कोरी ठेवली होती, "आत त्याला गरम होईल" म्हणून.

सुट्टीतला मेळावा ठरला तेव्हा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी स्पर्धेचा हट्ट धरला. देणगीदार येणार होते, बक्षीस देतानाचे फोटो हवे होते. मी नको म्हटलं तर म्हणाले, "चढाओढ नसेल तर मुलं मेहनत कशाला घेतील?" स्पर्धा झाली. त्या मुलाने पुन्हा तीच शेळी काढली. परीक्षकांनी कागद वर धरून सगळ्यांसमोर विचारलं, "पोटातलं बाहेरून कसं दिसेल रे?" सगळे हसले. पहिला नंबर आला दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि झोपडी या चित्राचा.

पुढच्या वर्गाला कागदांवर डोंगरच डोंगर. शेळीवाला मुलगाही पट्टी लावून डोंगर आखत होता. रंगाला हात लावायच्या आधी त्याने मला विचारलं, "ताई, याला नंबर येईल का?"

त्याची शेळी चुकलेली नव्हती. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९१३ साली आपल्याच मुलीच्या चित्रांचा बारकाईने अभ्यास मांडला होता. त्या वयाची मुलं डोळ्यांना दिसतं तेवढंच काढत नाहीत, त्यांना जे ठाऊक असतं ते काढतात, हे त्यांनी दाखवून दिलं. करडू पोटात आहे हे त्या पोराला ठाऊक होतं. परीक्षकाला एवढंही माहीत नसेल तर त्याने मुलांच्या चित्रांना हात लावू नये.

बक्षिसाचंही तसंच. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधी सांगितलं होतं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रं काढत बसली. तेच प्रमाणपत्र ज्यांना अचानक मिळालं, त्यांची आवड काही कमी झाली नाही. म्हणजे काही द्यायचंच असेल तर आधी गाजावाजा न करता, निघताना, सगळ्यांना सारखं द्या.

मग मेळाव्यात करायचं काय? जमिनीवर कागदाचा लांब रोल पसरा आणि दोन्ही बाजूंनी मुलांना बसवा. पोस्टर कलर वाट्यांत काढून दोघांत एक वाटी द्या, म्हणजे बोलणं आपोआप सुरू होतं. रंगकाम आधी, खाऊ नंतर. तेलकट हात लागलेल्या कागदावर रंग धरत नाही. धाकट्या भावंडांना जाड खडू द्या, नाहीतर मोठ्या बहिणीला दिवसभर त्यांनाच सांभाळत बसावं लागतं. दाराशी उभ्या राहणाऱ्या आयांच्या हातातही ब्रश द्या. आणि लवकर आवरा: मुलांना उजेडात घरी पोचायचं असतं, शिवाय जाड रंग ओला असताना कागद गुंडाळला की चिकटतो आणि उलगडताना चित्र फाटतं.

एक सांगायचं राहिलं. वरचा प्रयोग अगदी लहान मुलांवरचा आहे. बारा-तेराच्या पुढच्यांना चित्र हुबेहूब यावं असं स्वतःलाच वाटतं, त्यांना ते नीट शिकवा. धावण्याच्या शर्यतीला वगैरे माझी हरकत नाही, तिथे कोण पुढे गेलं ते सगळ्यांना दिसतं.

देणगीदारांना फोटो हवा असेल तर त्यांनी खाली बसावं आणि शेजारच्या मुलाला चित्रात काय चाललंय ते विचारावं. त्या पदाधिकाऱ्यांना मी तेव्हा हेच सुचवलं होतं. आणि चढाओढीशिवाय मुलं मेहनत घेत नाहीत असं ज्यांना आजही वाटतं, त्यांनी आमच्या वर्गाचं स्पर्धेआधीचं हजेरीपुस्तक काढून बघावं. कसलंच बक्षीस नव्हतं तेव्हा मुलं भर पावसातही, कागद पोटाशी धरून येत होती.