उरलेला आकडा

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

रुरकीच्या आयआयटीतल्या जलविज्ञान विभागात एम.टेक.ला तुझा नंबर लागल्याचं तुझ्या बाबांनी सांगितलं आणि पाठोपाठ तुझा प्रश्नांनी भरलेला मेल आला. गणित झेपेल का, मॉडेलिंग घेऊ की भूजल, पुढे नोकऱ्या कुठे. सगळ्यांची उत्तरं देतो, पण मला ज्या क्रमानं महत्त्वाची वाटतात त्या क्रमानं.

पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक समीकरण येईल. पडलेला पाऊस म्हणजे वाहून गेलेलं पाणी, अधिक हवेत उडालेलं पाणी, अधिक साठ्यात झालेला बदल. इतकं सोपं, की मुलं ते उतरवून घेतात आणि पान उलटतात. तू तिथे थांब. या चारपैकी तीन गोष्टी कुणीतरी मोजलेल्या किंवा अंदाजलेल्या असतात आणि चौथी वजाबाकीनं काढलेली असते. आधीच्या तिघींच्या मोजणीत जे काही कमीजास्त झालं, ते सगळं गुपचूप त्या चौथीत जाऊन बसतं. अहवालात मात्र ती बाकीच्यांसारखीच छापून येते, दशांश चिन्हासकट. म्हणून पाण्याचा कोणताही ताळेबंद हाती आला की आधी शोध, यातला उरलेला आकडा कोणता. दोन वर्षांत एवढी एक सवय लागली तरी मला तुझ्या शिक्षणाचं समाधान वाटेल.

आपल्याकडचं उदाहरण घे. माणदेशातलं हजार हेक्टरचं एखादं गाव, पाऊस ५०० मिलिमीटर. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, तेव्हा गावावर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं जमिनीत किती मुरलं? मे महिन्यातली आणि पावसाळ्यानंतरची विहिरींची पातळी घ्यायची. समज, सरासरी ५ मीटर वर आली. पण ५ मीटर खडकात ५ मीटर पाणी नसतं. खडकाच्या एकूण आकारमानापैकी किती टक्के पाणी निथळून मोकळं होतं, त्याला स्पेसिफिक यील्ड म्हणतात, आणि आपल्या झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टसाठी ती १ ते ३ टक्के धरतात. एक टक्का धरलास तर पातळी वर येण्याचा अर्थ ५० मिलिमीटर, तीन धरलास तर १५०. म्हणजे गावाकडे ५० कोटी लिटर आहेत की १५० कोटी, हे विहिरीत सोडलेल्या टेपनं ठरलंच नाही. ते टेबलाशी बसून निवडलेल्या एका टक्केवारीनं ठरलं. आणि त्याच आकड्यावर रब्बीला किती एकर गहू परवडेल हे गाव ठरवणार असतं. सरासरी म्हणून बहुतेकजण दोन टक्के धरतात. धरायला हरकत नाही, पण दोनच का धरले हे लिहायला हवं, आणि एक किंवा तीन धरले असते तर काय झालं असतं तेही.

रुरकीला गेल्यावर हा प्रश्न तुला तितकासा टोचणार नाही, कारण तिथली जमीन वेगळी. गंगेच्या गाळाचा प्रदेश, खाली वाळू आणि चिकणमातीचे थरावर थर, आणि तीच टक्केवारी ६ ते १६. आपल्याकडे वर मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा तोच क्रम. पाणी राहतं ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरात. शेजारशेजारच्या दोन विहिरींत एकीला बारमाही झरा आणि दुसरी फेब्रुवारीत कोरडी, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. वर्गात दार्सीचा नियम शिकशील, सच्छिद्र थरातून पाणी किती वाहतं ते सांगणारा. दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना हेन्री दार्सीनं वाळू भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून तो काढला आणि १८५६ साली प्रसिद्ध केला. वाळूतून काढलेला नियम वाळूच्या प्रदेशात छान चालतो. तोच भेगाळलेल्या बेसॉल्टला लावायचा तर काय काय गृहीत धरावं लागतं, हे मुद्दाम विचार. वर्गात हा प्रश्न विचारणारी बहुधा तू एकटीच असशील, आणि तसं असलं तर उत्तमच.

रुरकी गावाच्या मधून गंगा कालवा वाहतो, १८५४ साली सुरू झालेला. सोलानी नदीवरून तो पुलानं पलीकडे नेला आहे. पहिल्या रविवारीच चालत जाऊन बघून ये. त्या कालव्याच्या पाझरानं गंगा-यमुनेच्या दोआबात कित्येक ठिकाणी भूजल वर आलं आणि जमिनी चिबड, खारपड झाल्या. आपल्याकडे शिरोळ-मिरज भागातल्या खारपड जमिनी तुला माहीत आहेतच. पाणी आणणं आणि पाण्याचा निचरा करणं ही दोन कामं वेगळी धरली की काय होतं, ते तिथे आणि इथे सारखंच दिसतं.

आता मोजणीबद्दल, कारण तुझ्या मेलमध्ये 'फील्डवर्क किती असतं' एवढीच चौकशी आहे आणि मला ती फार त्रोटक वाटली. विहिरीची पातळी घेणं म्हणजे टेप सोडून वाचणं, असं पुस्तकावरून वाटतं. प्रत्यक्षात कठड्यावर ऑइल पेंटची एक खूण करायची, दर वेळी तिथूनच मोजायचं आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. त्याआधी शेतकऱ्याला विचारायचं, मोटर कधी बंद केली? रात्रीची लाइट असेल तर पहाटेपर्यंत उपसा चाललेला असतो, आणि सकाळी आठला घेतलेली पातळी उपशानं खाली गेलेली असते, अजून भरून न आलेली. शेजारच्या विहिरीची मोटर चालू आहे का, तेही बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या विहिरीत बाहेरून पाणी सोडता का? नदीवरून किंवा कालव्यावरून पाइपलाइन करून विहिरीत पाणी आणून टाकतात आणि तिथून ठिबकला देतात, असं आता जागोजागी आहे. अशा विहिरीची पातळी खालच्या खडकाबद्दल काहीच सांगत नाही. हे प्रश्न वहीत लिहिलेले नसतील तर पुढे संगणकावर बसलेल्या माणसाला कधीच कळणार नाही, की त्याच्या तक्त्यातला हा एक आकडा टाकीचा आहे.

नदीचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. फूट वाचता येतात. क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहिलं ते, मात्र वाचता येत नाहीत. पाणी कमी असताना वेगवेगळ्या उंचीला वेग मोजून जो आलेख तयार केलेला असतो, त्यावरून ते काढावे लागतात. मोठ्या पुरात वेग मोजायला नावेतून कोण उतरणार? तेव्हा आलेखाची रेघ पुढे वाढवली जाते. पुराच्या विसर्गाचा आकडा ऐकलास की हे आठव: रेघ कुठपर्यंत मोजलेली आहे आणि कुठून पुढे ओढलेली आहे.

पावसाच्या बाबतीत एकच सांगतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सोमवारी दुपारी कोसळलेला पाऊस मंगळवारच्या नावावर लागतो. नदीची तासातासाची पातळी आणि रोजचा पाऊस एका तक्त्यात घालताना हे विसरलं, की पूर आधी आणि पाऊस नंतर असं काहीतरी अद्भुत दिसू लागतं.

मॉडेलिंग घे, जरूर घे. पण संगणकाला हात लावण्याआधी एका छोट्या पाणलोटाचा वर्षभराचा हिशेब कागदावर, हातानं करून बघ. पाणलोटाचं स्वॅट हे मॉडेल असो की भूजलाचं मॉडफ्लो, त्यात फिरवायच्या कळा इतक्या असतात की वेगवेगळ्या प्रकारे फिरवून नदीचा तोच आलेख मिळवता येतो. आलेख जुळला म्हणजे आतलं पाणी खरोखर त्या वाटेनंच गेलं, असं ठरत नाही. गणिताची भीती नको. कलन, थोडी संख्याशास्त्राची पक्की बैठक आणि एककांची शिस्त, एवढ्यावर तू निभावशील. त्यातही एककं सांभाळ. टीएमसी (अब्ज घनफूट), दलघमी (दशलक्ष घनमीटर), क्युसेक, मिलिमीटर हे सगळं आपल्याकडे एकाच अहवालात सापडतं.

नोकऱ्या आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, केंद्रीय भूजल मंडळ, केंद्रीय जल आयोग, सल्लागार कंपन्या, पाणलोटात काम करणाऱ्या संस्था. रुरकीतच राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आहे, १९७८ पासूनची. तिथल्या लोकांशी ओळख ठेव. याची काळजी आत्ता करू नकोस.

प्रबंधासाठी विषय सुचवा म्हणालीस. माझ्या मनात एक कधीचा आहे. एखाद्या उपनदीच्या वरच्या अंगाला गावोगाव बंधारे होतात, नाला खोल होतो, पाणी मुरतं, आणि प्रत्येक गाव ते पाणी आपल्या खात्यात जमा धरतं. खालच्या धरणाच्या नियोजनात मात्र तोच येवा, म्हणजे वरून वाहून येणारं पाणी, पूर्वीइतकाच धरलेला असतो. शिवाय आपला झिजलेला थर उथळ. चांगल्या वर्षी ऑगस्टमध्येच विहिरी काठोकाठ भरतात, त्यानंतर अडवलेलं पाणी मुरणार तरी कुठे? यातलं किती पाणी खरोखर नव्यानं साठलं, किती दोनदा मोजलं गेलं आणि किती तसंच ओढ्यातून निघून गेलं, हे एखाद्या छोट्या खोऱ्यात तीनचार पावसाळ्यांचे आकडे घेऊन कुणीतरी शांतपणे मांडायला हवं आहे. बंधारे बांधणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांच्यामुळे उन्हाळ्याचे दोन महिने निभावून नेलेली गावं मी पाहिली आहेत. म्हणूनच हिशेब चोख हवा.

हा विषय घेतलास तर एक अट आहे. ज्या शेतकऱ्यांच्या विहिरी मोजशील त्यांना दर खेपेचा आकडा तिथल्या तिथे सांगायचा आणि शेवटी गावात येऊन नकाशा दाखवायचा. माणसं येतात, टेप सोडतात, लिहून नेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत, ही तक्रार मी इतक्या बांधांवर ऐकली आहे की आता नव्या माणसाला कुणी मोटर कधी बंद केली ते खरं सांगत नाही.

पहिल्या सत्राचे विषय ठरले की यादी पाठव. भूजलाच्या पेपरात पंपिंग टेस्ट, म्हणजे विहीर उपसून पातळी कशी उतरते-चढते ते मोजण्याची चाचणी असेल, तर मोठ्या व्यासाच्या विहिरींबद्दल माझ्याकडे काही टिपणं आहेत; ती स्कॅन करून ठेवतो.

तुझा,
काका