आधी उपकेंद्र बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ऊर्जा विभागात तुझी नेमणूक झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. राज्याला कोळशावरून सूर्याकडे न्यायचंय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. माझं म्हणणं, मंत्रालयातल्या सादरीकरणांच्या आधी ३३ केव्हीचं एखादं उपकेंद्र बघून ये, तेही रात्री.

शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवर, रात्रपाळीची थ्री फेज वीज आली की काय होतं ते तिथे कळेल. शेतकऱ्यांनी मोटारींना ऑटोस्विच लावलेले असतात. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उचलतात, डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो आणि ऐन रब्बीत डीपी जळते. मग ऑपरेटरचा फोन वाजायचा थांबत नाही. आणि बांधावर बॅटरी घेऊन पाणी वळवणारा माणूस असतो. जुन्नर-आंबेगावच्या उसात त्याला बिबट्याची धास्ती, बाकी ठिकाणी सापाची. दिवसा वीज मिळणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही.

२०१७ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला म्हणूनच इतकी मोलाची वाटते. राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली, २०२३मध्ये दुसरा टप्पा आला. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करायचे, उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि तीच वीज तिथल्याच मोटारींना द्यायची. ऊन असतं तेव्हाच मोटारी चालतात, म्हणून साठवणुकीचा खर्च नाही. वीज लांबून आणायची नसल्याने वहनातली गळतीही कमी. पावसाळ्यात ढग आले तर उपसाही कमीच असतो. इतका सरळ मेळ दुसऱ्या कुठल्या योजनेत मला दिसलेला नाही.

अडतं ते जमिनीपाशी. खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ हा कोरडवाहू शेतकऱ्याला चांगला आधार आहे. गायरानाचं तसं नाही. सातबाऱ्यावर 'सरकार' लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तिथे कोणाच्या शेळ्या चरतात, तर कुठे भूमिहीन दलित किंवा पारधी कुटुंब वर्षानुवर्षं ज्वारी पेरत असतं. तलाठ्याच्या अहवालात 'अतिक्रमण' एवढंच येईल. तेवढ्यावर सही करू नकोस. स्वतः जा, ग्रामसभा गावात घे, तालुक्याला बोलावून नको, आणि त्या कुटुंबाचं काय करणार हे ठरल्याशिवाय कुंपणाचे खांब रोवू देऊ नकोस. महिनाभर उशीर झाला तरी चालेल. पोलिस बंदोबस्तात उभ्या राहिलेल्या प्रकल्पाची राखण गाव करत नाही, आणि पुढे केबल चोरीला गेली की आपण गावालाच दोष देतो.

संध्याकाळचा प्रश्न राहतोच. सूर्य मावळतो आणि घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. त्या वेळेसाठी कोयना आहे. २५० मेगावॉटचं घाटघर उदंचन केंद्रही आहे: वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. सह्याद्रीत अशा आणखी जागा आहेत. त्यांच्या फायली आल्या की तिथल्या जंगलात दडलेली वस्ती आधी नकाशावर शोध.

कोळशाबद्दल बोलताना मात्र जपून शब्द वापर. २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं कोळशावरचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हा औष्णिक वीज किती पाणी पिते ते सगळ्यांना दिसलं. पण केंद्र थांबलं की चहाची टपरी, ट्रकचा हप्ता, कंत्राटी मजुराची हजेरी, सगळंच थांबतं. चंद्रपूर तर महानिर्मितीचं, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं, सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र, २९२० मेगावॉटचं. तिथल्या लोकांनी राज्यासाठी धूळ आणि राख सोसली आहे. जुने संच बंद करायची तारीख ठरेल त्याच दिवशी तिथल्या आयटीआयमध्ये नवे अभ्यासक्रम सुरू झालेले हवेत. कायम कर्मचाऱ्यांची बदली होते, कंत्राटी माणसाचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

ती यादी करायला घे. कंत्राटदाराकडून मागवू नकोस, गेटवर पाळी सुटायच्या वेळी माणसं बसव आणि नाव, गाव, कामाचं स्वरूप लिहून घे. पहिली शंभर नावं झाली की मला पाठव. कोणाला काय शिकवता येईल ते आपण बसून बघू.

तुझे,
सर